ताई, प्रस्ताव अजून उघडा आहे

ताई,

बाहेरच्या लोकांना बरेच दिवस माहीत नव्हतं.

सकाळी मी संगणक खोलीचं कुलूप काढायची, चपला दाराशी ठेवायची आणि छपरावरच्या उपग्रहाच्या छत्रीतून रात्रभरात जे उतरलेलं असायचं ते वाचायला बसायची. त्यात तुमच्या नावाचे संदेश असायचे. लोक तुमच्याशी भांडत असायचे. दक्षिणेतल्या कुठल्याशा जिल्ह्यातून एकजणानं लिहिलं, मॅडम, तुमचा मुद्दा पटला नाही. दुसऱ्यानं विचारलं, मॅडम गप्प का आहेत? उत्तर नाही म्हणजे हरल्या का? मी वाचायची आणि तुमच्या खुर्चीकडे बघायची. खुर्चीच्या पाठीवर तुमची शाल तशीच आहे. एसीचा गारवा तुम्हाला सोसायचा नाही.

इथे परभणीत मात्र सगळ्यांना माहीत होतं. कचेरीत शोकसभा झाली. सगळे उभे राहिले, साहेब "कर्तव्यदक्ष कर्मचारी" म्हणाले. तुम्ही असता तर मला कोपरानं ढोसलं असतं. हेच साहेब मागच्या महिन्यात म्हणाले होते, "मॅडम, आधी तो प्रिंटर चालू करा, मग देशाला शिकवा." तुम्ही उठून प्रिंटर चालू केला होता, हात पुसले होते आणि परत येऊन देशाला शिकवायला बसला होता.

तुमच्या आजाराबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही म्हणालात, "साधा ताप आहे गं, सोमवारी येते." तेवढंच मला ठेवायचं आहे.

मी या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थबकले होते. बाहेर चपलांची रांग होती. धूळ आत जाऊ नये म्हणून सगळे अनवाणी आत जायचे. कचेरीतले लोक या खोलीला देवघर म्हणायचे. मी बूट काढायला लागले. मला त्या बंदांच्या गाठी सुटेनात. तुम्ही आतून बघत होता. म्हणालात, "ये गं. मला इथं पहिल्या दिवशी चपला काढ म्हणाले तेव्हा धस्स झालं होतं. चपला काढायला तर जन्मभर लावलेलंच होतं. पण चपला काढून घेऊन मग आत घेतलेलं हे पहिल्यांदाच."

आणि मोठ्यानं हसलात. मला हसावं की नाही कळेना. मग तुम्ही माझं शिक्षण विचारलंत, शाळा विचारलीत, आणि त्या दिवसापासून मी तुमची 'कॉन्व्हेंट' झाले. "काय गं कॉन्व्हेंट, डबा आणलास का?" "कॉन्व्हेंट, जरा हे इंग्रजी बघ, शिवी दिल्यासारखं वाटायलंय." मला चिडवलेलं आवडत नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही चिडवलेलं आवडायचं, हेही नाही.

मी तुम्हाला बरेच महिने 'मॅडम' म्हणत राहिले. ताई म्हणायला तोंड उघडायचं आणि शब्द आतच राहायचा. पहिल्यांदा म्हटलं ते ताडकळसच्या एसटीत. आठवतं?

ते आधी पालमपासून सुरू झालं. मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज तालुक्यातालुक्यांत संगणकावर भरले जायचे. तिथून फ्लॉपी कंडक्टरच्या हाती एसटीनं आपल्याकडे यायच्या आणि आपण ते सगळं मोठ्या यंत्रात, सर्व्हरमध्ये, ओतायचो. एक अर्ज दोनदा भरला जाऊ नये म्हणून वरून एक तपासणी आली होती. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर दुसरी नोंद काढून टाकायची. शहरात बसून कुणी लिहिली असेल त्याला वाटलं असेल, इतकं सगळं सारखं असलेली दोन माणसं कशी असतील?

तुम्ही पालमच्या आकड्यांवरून बोट फिरवत थांबलात. "इथं दोन जून कुठून आली गं?"

मला समजलं नाही. दोन जूनला कुणी जन्मू शकत नाही का?

"आपल्याकडं न्हाई जन्मत," तुम्ही म्हणालात आणि पालमला फोन लावलात. तिकडच्या ऑपरेटरचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "मॅडम, एक जूनच्या लय पोरी हायत. मशीन घेईना गेलं. मग मी दुसरीला दोन जून देतो, तिसरीला तीन. लय सोपं हाय!"

तुम्ही फोन ठेवलात आणि टेबलावर डोकं टेकून हसत राहिलात. डोकं वर केलंत तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. कारण पालमच्या माणसानं निदान पोरी वाचवल्या होत्या. दुसऱ्या एका तालुक्यात तपासणीच बंद करून टाकली होती. आणि पूर्णा तालुक्यात ती हुकमाप्रमाणे चालू होती. तिथे दुसरी नोंद गळत होती, आणि गळलेल्या पोरीचं नाव कुठेही उरत नव्हतं.

म्हणून आपण ताडकळसला गेलो. तिथून एका सुजाताच्या बापाची तक्रार आली होती.

बाजाराचा दिवस होता. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, तुमच्या मांडीवर कुणाची तरी भाजीची टोपली होती आणि मला ओकारी येईल असं वाटत होतं. मी म्हटलं, "ताई, खिडकी." एवढंच. तुम्ही खिडकी सरकवलीत, माझ्याकडे बघितलंत आणि ती हाक ऐकली नाही असं दाखवलंत. त्याबद्दल मी तुमची फार आभारी आहे.

शाळेतल्या गुरुजींनी आपल्याला खुर्च्या दिल्या. तुम्ही जन्मतारखांचं विचारलंत तर ते उलट तुमच्यावरच घसरले. "कुठून आणू मॅडम तारीख? आई म्हणती पोळ्याच्या आगंमागं, बाप म्हणतो त्या दुष्काळाच्या साली. मग आमी एक जून टाकतो. एक जून लिवल्याशिवाय या गावात शाळाच भरायची न्हाई."

"माझी बी एक जूनच हाय गुरुजी," तुम्ही म्हणालात. "माझ्या भावाची बी. आमच्या आईला एकच तारीख जमली."

मग दोघी सुजाता आल्या. एकाच वस्तीतल्या, एकाच भावकीतल्या. दोघींच्या बापाचं नाव गौतम. एक लांबोडी, एक ठेंगणी, दोघींच्या वेण्या घट्ट वर बांधलेल्या.

"तुमच्यात सुजाता कोण?" तुम्ही मुद्दाम विचारलंत.

"आमी दोगी बी," लांबोडी म्हणाली. "मी चिंचंखालची सुजाता, ही हापशापशी."

"आणि हजेरी घेताना?"

"मास्तर एकदाच म्हनतेत. आमी दोगी संगंच हाजर म्हनतो."

"वसतिगृहात कोणाला जायचंय?"

"दोगींला."

"एकीलाच जागा मिळाली तर?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हापशाजवळची तोवर गप्प होती. ती खालमानेनं म्हणाली, "मग एक दिस ती जाईल, एक दिस मी. कोनाला कळायलंय?"

तुम्ही हसला नाहीत. गुरुजी हसले, मीही हसले. तुम्ही त्या मुलीकडे बघत राहिलात. परतीच्या एसटीत मला म्हणालात, "तिला माहीताय बघ. बाहेरच्यांना आपण दोघी एकच दिसतो, हे तिला माहीताय. त्यातनं काम कसं काढायचं तेवढंच ती बघायलीय."

त्या दोघी त्या वर्षी वसतिगृहात गेल्या. तुम्ही स्वतः टेबलाटेबलावर फिरून दुसरा अर्ज मंजूर करून आणलात. पण तुमचं समाधान झालं नाही. "मी गेले म्हणून झालं," तुम्ही म्हणत राहिलात. "मी न्हाई गेले तर?"

तुम्हाला तपासणी टेबलावर नको होती. प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक ऑपरेटरच्या हातात वेगवेगळी नको होती. ती आत हवी होती, सर्व्हरमध्ये, जिथे नोंदी राहतात तिथेच. म्हणजे नोंद कुठूनही येवो, कुणीही भरो, तिला एकच नियम लागेल. आणि तो नियम कुणालाही टाकून देणार नाही. शंका असेल तर नोंद बाजूला ठेवील आणि विचारील. नवा डेटाबेस आला होता, त्यात असे नियम आतच लिहिता येत होते. तुम्ही जाडजूड पुस्तकं मागवलीत. त्यातलं इंग्रजी मी वाचून दाखवायची आणि अर्थ तुम्ही मला सांगायचात.

एकदा मी विचारलं की एवढा हट्ट का. तालुक्यांना फोन करून सगळ्यांची तपासणी सारखी करून घेता येईल की. तुम्ही डबा झाकलात.

"आमच्या वालूरच्या शाळेत पाण्याचा हंडा होता. सरकारचा नियम सगळ्यांना एकच. पण नियम कागदावर आणि पाणी शिपायाच्या हातात. शिपाई चांगला आला की तांब्या मिळायचा. दुसरा आला की ओंजळ धरायची, वरून ओतायचा. तिसरा तर बघायचाच न्हाई. दरवर्षी शिपाई बदलायचा आणि आमी आधी त्याचं तोंड बघायचो." मग म्हणालात, "म्हणून मला नियम हंड्यातच पाहिजे गं."

मला बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी घरी जाऊन पाणी प्यायला तांब्या घेतला आणि तसाच हातात धरून उभी राहिले.

नियम लिहिताना तुम्ही अडलात. दुसरी सुजाता आत येताना पहिली आत आहे का ते बघायला नियमानं नोंदींच्या त्याच तक्त्यात डोकवायला हवं. पण नोंदी भरल्या जात असताना, तक्ता बदलत असताना, यंत्र त्याला आत बघू देत नव्हतं. तक्ता बदलतो आहे, असं सांगून सगळंच परत फिरवायचं. तुम्ही वैतागून म्हणालात, "सारवण ओलं हाय म्हणून दारातच उभं करायलंय बघ आपल्याला."

आपल्यासारखी केंद्रं देशातल्या कितीतरी जिल्ह्यांत आहेत, आणि छत्रीवरून सगळी एकमेकांना जोडलेली आहेत. त्या जाळ्यावर डेटाबेसचा एक चर्चेचा गट होता. तुम्ही आपला प्रश्न तिथे टाकलात. त्याच दिवशी कुणीतरी प्रिंटर अर्धंच पान छापतो म्हणून लिहिलं होतं, कुणाच्या पडद्यावर देवनागरीतल्या वेलांट्या तुटत होत्या, कुणाच्या फ्लॉपीला व्हायरस लागला होता. तुमचा प्रश्न त्या सगळ्याखाली गेला. तुम्ही पुन्हा टाकलात. पुन्हा गेला. तेव्हा ठरवलंत की सर्व्हरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी वेगळा गट मागायचा.

मी तेव्हा म्हटलं होतं, "वेगळा कशाला? आहे त्यातच विचारता येतं ना."

"तुला येतं?"

"हो."

"मग कधी विचारलंस?"

मी त्या गटातला प्रत्येक संदेश वाचत होते. कुणाचा स्वभाव कसा, कोण खरंच जाणतो, कोण नुसता मिरवतो, सगळं मला सांगता आलं असतं. लिहिली मात्र एक ओळही नव्हती. तुम्ही म्हणालात, "मोठ्या मांडवात तू तोंड उघडत न्हाईस. मी उघडते तर ऐकू जात न्हाई. लहान खोली लागते गं माणसाला. भांडून बाहेर पडायचं म्हणून न्हाई. विचारता यावं म्हणून."

मी मानलं नाही. चांगले लोक वेगळे झाले तर मोठा गट ओस पडेल, लहानात कुणी येणार नाही, आणि दोन्हीकडे शुकशुकाट होईल असं मला वाटायचं. आपला हा वाद संपलाच नाही. तुम्ही अर्ध्यावर सोडून गेलात, आणि हे तुमच्या स्वभावात बसत नाही.

तरी प्रस्तावाचं इंग्रजी मीच लिहिलं. तुम्ही तो वाचत असताना मी नखं बघत बसले होते. तुम्ही पेन घेतलंत आणि एकेक शब्द खोडत गेलात.

"हे किती वेळा 'कृपया'? 'शक्य असल्यास'? 'आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो'? काय गं, आपण भीक मागायला निघालोय का?"

"इंग्रजीत असंच लिहितात ताई."

"कोण लिहितात? ज्यांना मिळणारच असतंय ते. त्यांचा 'कृपया' शोभेचा असतो. आपला खरा वाटतो."

मला राग आला. मला वाटलं, तुम्हाला इंग्रजीची रीत कळत नाही. मी तो कागद ओढून घेतला आणि अर्धे 'कृपया' परत घातले. तुम्ही त्यातले अर्धे काढलेत. शेवटी जे गेलं त्यात एकही उरला नव्हता, आणि मी दोन दिवस तुमच्याबरोबर डबा वाटून खाल्ला नाही.

जाळ्याचा नियम असा की प्रस्ताव मांडला की मुदतभर चर्चा, आक्षेपांना मांडणाऱ्यानं उत्तरं द्यायची, मग सगळ्यांनी मतं पाठवायची. मांडणारा गप्प बसला तर प्रस्ताव आपोआप मागे.

आक्षेप आले. एकानं लिहिलं, सगळे एका घरात राहू या, वेगळ्या चुली मांडून घर फुटतं. तुम्ही ते मला मोठ्यानं वाचायला लावलंत आणि म्हणालात, "हा माणूस आमच्या गावचा दिसतोय." ज्यांना गट मान्य होता ते नावावरून भांडायला लागले. हे नाव लांब आहे, ते अर्धवट आहे, तिसऱ्यात सगळ्यांचाच समावेश होतो. तुम्ही खुर्चीत मागे रेललात. "गट द्यायला तयार आहेत बघ. नावापाशी अडलं. नावापाशीच अडतंय गं सगळं."

जानेवारीत हे चालू होतं. बाहेर त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला होता. रस्त्यावर पोलीस होते, एसटी मधूनमधून बंद पडायच्या, माझ्या वडिलांनी मला दोन दिवस घराबाहेर पडू दिलं नाही. मी आले त्या दिवशी तुमच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. तुम्ही सगळ्या टेबलांवर एकेक ठेवून आला होता. दुपारी मी फाइल द्यायला बाहेर गेले तेव्हा बघितलं, काही टेबलांवर पेढा तसाच होता, कागदासकट, थोडा सरकवलेला. तुम्हीही ते बघितलं असणार.

मी पेढा खाल्ला. तुम्ही विचारलंत, "तुझ्या घरी काय म्हणतेत नावाबद्दल?"

मी म्हटलं, "काही नाही. घरी असा विषय निघत नाही."

विषय निघायचा, ताई. रोज निघायचा. नाव बदलून कुणाचं पोट भरणार आहे, असं वडील म्हणायचे, आणि आई वाढता वाढता मान हलवायची. मी ताटाकडे बघत जेवायची. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे नुसतं बघितलंत, उरलेल्या पेढ्यांतले दोन वेगळ्या कागदात बांधलेत आणि म्हणालात, "घरी ने." तुम्हाला सगळं कळलं होतं, असं मला आता वाटतं. मी ते घरी नेले. वडिलांनी विचारलं कशाचे. मी सांगितलं, ऑफिसातल्या ताईंनी दिलेत. त्यांनी एक खाल्ला. कशाचे ते मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर तुमचा तो साधा ताप.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी वालूरला आले होते. माझ्या घरच्यांना काय ते समजावून सांगितलं, तुम्हाला गंमत वाटली असती. मी चक्क वाद घातला. एसटीतून उतरून वस्ती विचारत गेले. मांडवात पांढऱ्या साड्यांमध्ये मी एकटीच फिक्या निळ्या ड्रेसमध्ये होते. वंदना सुरू झाली तेव्हा मला शब्द येत नव्हते. शेजारच्या बाईंनी माझे हात धरून जोडले. तुमचा फोटो आपल्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला होता, म्हणून तुम्ही त्यात रागावलेल्या दिसत होता.

तुमच्या आईंनी मला ओळखलं. "तूच का ती कान्व्हेंट?" म्हणाल्या, आणि मला जवळ बसवून घेतलं. मग हळूच विचारलं, "ती तिकडं कायतरी मागायलीती म्हनं. मशिनीवर. खोली का कायतरी. घावली का?"

मी म्हटलं, "अजून नाही. लोक बोलायलेत." तुमच्या भाषेतलं ते क्रियापद माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही.

"मंग तू हाईस की," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि दुसऱ्या बाईकडे वळल्या.

परत आले तर गट चालवणाऱ्यांचा संदेश होता. मुदत संपत आली आहे, प्रस्ताव मांडणाऱ्यांनी आक्षेपांना उत्तर दिलेलं नाही. उत्तर देणार आहात का, की मागे घेतला समजावा?

मी दिवसभर तो पडद्यावर ठेवला. प्रिंटरचं काम केलं, फ्लॉपी उतरवल्या, पुन्हा येऊन बसले. साहेब येऊन म्हणाले, "त्या मॅडमचं ते आता राहू द्या." सोपा तोडगा होता. उत्तर दिलं नाही तर काही करावंच लागणार नव्हतं. न बोलता सगळं मिटलं असतं. मला आयुष्यात जे उत्तम जमतं तेच फक्त करायचं होतं.

मी लिहायला बसले. आधी मुद्दे काढले, तुमच्या बाजूचे, एकामागून एक. वाचून बघितले तर सगळे पुस्तकी. त्या दक्षिणेतल्या माणसानं ते सहज उडवले असते. मीच उडवले असते, कारण त्यातले निम्मे आक्षेप माझेच होते. मग ते पुसले आणि दोन सुजातांची गोष्ट लिहिली. चिंचेखालची आणि हापशाजवळची. एक जून का, तेही लिहिलं. नियम आत का हवा आणि कुठे अडलो, ते लिहिलं. हा प्रश्न या गटात दोनदा विचारला होता आणि दोन्ही वेळा प्रिंटरखाली गेला, हेही. मग लिहिलं की प्रस्ताव मांडणाऱ्या बाई आता नाहीत. तिथे हात थांबला. हा शब्द मी अजून कुठेच लिहिला नव्हता. लिहिला.

शेवटी त्या दक्षिणेतल्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर दिलं. वेगळा गट कशाला, इथेच विचारता येत नाही का? मी लिहिलं: मी या गटातला प्रत्येक संदेश पहिल्यापासून वाचला आहे. माझ्याकडे विचारण्यासारखं पुष्कळ होतं. हा माझा पहिला संदेश आहे.

खाली तुमचं नाव ठेवलं आणि त्याखाली माझं लिहिलं. एक 'कृपया' ठेवला आहे, मत पाठवा म्हणताना. त्यावरून भांडायला या.

पाठवल्यावर मी खोलीबाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. चपला घालायच्या विसरले होते, फरशी तापलेली होती. दुसऱ्या दिवशी यायलाच नको वाटत होतं. आले. एकूण थोडे संदेश होते. दक्षिणेतल्या माणसानं दुःख वाटलं असं लिहिलं होतं, आणि तरीही आपला विरोध कायम आहे असंही. मला तो त्याबद्दल आवडला. तुम्हालाही आवडला असता.

त्याखाली एक संदेश पार ईशान्येकडच्या एका डोंगरी जिल्ह्यातून होता. नाव बाईचं असावं, मला खात्री नाही. सुरुवात अशी होती: हा माझाही पहिला संदेश. पुढे तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं, ताई. तक्ता बदलत असताना नियमानं आत डोकावू नये. तेव्हा त्यानं फक्त येणाऱ्या नोंदी एका बाजूला टिपून ठेवाव्यात. बदल पुरा होऊ द्यावा, आणि तो झाला की मग एकदाच आत जाऊन बघावं.

म्हणजे सारवण वाळू द्यायचं. एवढंच होतं.

त्यानंतर आणखी दोघांनी लिहिलं आहे, पहिल्यांदाच. एकाचा प्रश्न इतका साधा आहे की मोठ्या गटात त्याला लोक हसले असते. मी त्याला उत्तर दिलं. मतदान आता सुरू होईल. गट मिळेल की नाही मला माहीत नाही; नावाचं घोंगडं अजून भिजत पडलं आहे. तुमचं मत मोजणार नाहीत, मी विचारून बघितलं. तुमच्या आईंना काय कळवायचं ते मात्र ठरलं आहे: मी आहे. मी परत वालूरला जाणार आहे.

ही खोली फार शांत आहे, ताई. एसीचा आवाज येतो आणि बाहेर कुणी चपला काढतंय असं वाटून मी वर बघते. शिपाई असतो. डबा मी खिडकीकडे तोंड करून खाते. कुणी मला कॉन्व्हेंट म्हणत नाही.

आज दुपारी मी तुमचा नियम त्या पद्धतीनं पुरा करून सर्व्हरमध्ये बसवला आणि ताडकळसचे जुने कागदी अर्ज, जुनी तपासणी बंद ठेवून, फ्लॉपीवर भरून एका कोऱ्या तक्त्यात ओतले. यंत्रानं सगळ्या नोंदी आत घेतल्या, कुणालाही परत फिरवलं नाही. मग एक जोडी बाजूला काढून त्यानं विचारलं, तुम्हीच लिहिलेल्या शब्दांत: सुजाता गौतम, जन्म एक जून. ही एकच मुलगी आहे का?

मी 'नाही, दोघी आहेत' असं उत्तर भरलं, आणि तुमच्या खुर्चीकडे न बघता पुढची नोंद घेतली.